झाकण कुणी उघडलं?

मिरची आंबवून घरी सॉस करायचा तर तीन गोष्टी लागतात: मिरच्या, मीठ आणि हात गप्प ठेवायची ताकद. पहिल्या दोन बाजारात मिळतात. तिसरी आमच्या खानदानात कुणाकडेच नाही. आमच्याकडे चहा उकळत असला तरी दोन माणसं त्यात डोकावून जातात.

हिवाळ्यात लाल ओल्या मिरच्या छान येतात. नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मावशींनी विचारलं, "लोणच्याला का?" म्हटलं, सॉस करायचाय. त्यांनी वजन झाल्यावर वर एक मूठ आणखी टाकली. बहुधा कीव आली असावी.

मिरच्या चिरायचं काम बाबांनी मागून घेतलं आणि रबरी हातमोजे साफ नाकारले. "आयुष्यभर प्रेसमध्ये शाईत हात घातलेत, मिरचीचं काय!" थोड्याच वेळात ते नळाखाली हात धरून उभे होते. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे नळ कितीही सोडला तरी फक्त पाणीपट्टी वाढते. आईने न बोलता तेलाची वाटी पुढे केली. मी तेवढ्यात माहिती पुरवली, की डेव्हिड ज्युलियस नावाच्या शास्त्रज्ञाला २०२१ सालचं नोबेल मिळालं ते यातूनच. उष्णता ओळखणारं जे दार नसांमध्ये असतं, तेच मिरचीही उघडते. म्हणून मेंदूला वाटतं, भाजलं. "म्हणजे बाबा, तुमचे हात खरे भाजलेलेच नाहीत." बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला कुठलंही पारितोषिक मिळणार नाही.

मिठावरून पुढचा वाद. मिरचीच्या वजनाच्या दोन-तीन टक्के मीठ घालायचं, म्हणून मी वजनकाटा काढला. "मीठ काय सोनं आहे का काट्यावर तोलायला?" इति आई. पण इथे अंदाज चालत नाही. मीठ कमी पडलं तर सडवणारे जंतू शिरतात, फार झालं तर कामाचे जंतूही आळसावतात. हे कामाचे जंतू, म्हणजे दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद, मिरचीच्या सालीवर आधीपासूनच बसलेले असतात. विरजण लागत नाही. आपण फक्त मिरच्या खारट पाण्याखाली दाबून ठेवायच्या, वर हवेत एकही तुकडा डोकावू द्यायचा नाही, आणि गप्प बसायचं.

सुरुवातीला बरणीही गप्पच होती. पेपरात रोज निफाडचा पारा किती घसरला ते छापून येत होतं आणि ओट्यावरच्या मिरच्या जशाच्या तशा. शेवटी आईने हिवाळ्यात इडलीच्या पिठाला गुंडाळते ती जुनी शाल बरणीला गुंडाळली. त्यानंतर एका सकाळी काचेच्या कडेने बारीक बुडबुडे वर चढताना दिसले. एक मिरचीच्या बीला चिकटून बसला होता, मग सुटला, वर गेला आणि फुटला. घरातली चारही डोकी बरणीभोवती. बायकोला ऑफिसला उशीर झाला.

आणि तिथून खरा छळ सुरू झाला. आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. झाकण गच्च असेल तर दाब वाढतो, म्हणून दिवसातून एकदा ते जरासं सैल करून लगेच बंद करायचं. पण "एकदा" म्हणजे घराला मिळून एकदा, हे कुणाच्या गळी उतरेना. मी सकाळी उघडायचो. आई देवपूजेनंतर "वास बघायला". बायको रात्री, "तुम्ही विसरला असाल म्हणून". समोरच्या काकू साखर मागायला आल्या तरी आधी बरणीकडे वळायच्या. दर वेळी बाहेरची हवा आत.

बाबांनी हे मनावर घेतलं. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटांच्या सान्निध्यात नोकरी केलेला माणूस. बरणीशेजारी शंभर पानी वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन आलं. तारीख, वेळ, नाव, कारण, सही. आईने पहिल्याच दिवशी कारणाच्या रकान्यात "माझं घर" असं लिहिलं.

व्हायचं तेच झालं. पाण्यावर पांढरा, सुरकुतलेला पातळ पापुद्रा आला. "बुरशी! फेका!" काकूंनी निकाल दिला. हा बहुतेक वेळा निरुपद्रवी यीस्टचा थर असतो, चमच्याने काढून टाकता येतो. हिरवे, काळे, केसाळ ठिपके आले तर मात्र बरणीचा मोह सोडायचा. आमचा पापुद्रा सपाट आणि पांढरा होता. मी तो काढला आणि बाबांनी वहीत नोंदवला. अमेरिकेतले टबॅस्कोवाले १८६८ पासून सॉस करतात आणि मिरचीचा लगदा ओकच्या पिंपात तीन वर्षांपर्यंत मुरवतात, हे ऐकून बाबा गंभीर झाले. "पिंपांवर वही कोण ठेवतं?"

वास आंबूस आणि फळासारखा यायला लागल्यावर आम्लता मोजली. पीएच ४.६ च्या खाली हवा, चारच्याही खाली गेला तर उत्तम. आमची पट्टी पास झाली. मग मिक्सर. लसूण, थोडं व्हिनेगर, बरणीतलंच पाणी, आणि बटण. झाकण उचललं मात्र, आई खोकत बाल्कनीत, बायको खोकत जिन्यात, आणि दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, "कुणाकडे फोडणी जळली का?"

सॉस मात्र झकास झाला. नुसता तिखट नाही. आधी आंबट, मग खारट, आणि तिखटपणा सावकाश मागून येतो. नाशिकमध्ये मिसळीच्या तर्रीत दुसरं काही घालणं हा गुन्हा आहे, पण पोह्यांवर, ऑम्लेटवर, भाकरीबरोबर तो रोज संपत होता.

काकूंनाही एक बाटली दिली. न उकळलेल्या सॉसमधले जंतू जिवंत असतात, म्हणून बजावून सांगितलं, फ्रिजमध्ये ठेवा आणि झाकण सैल ठेवा. "हो हो," म्हणाल्या. दोन्ही "हो" ऐकूनच मला शंका आली होती. बाटली गॅसशेजारच्या फळीवर गेली, झाकण काकांकडून आवळून घेतलं गेलं. आठवडाभरात भल्या सकाळी बेल वाजली. दारात काकू, गाऊनवर लाल शिंतोडे.

"अहो, तुमच्या सॉसने झाकण उडवलं! छतापर्यंत गेलाय!"

मी काही बोलायच्या आत मागून बाबा वही उघडत आले.

"नक्की किती वाजता उडालं? आणि त्या वेळी हजर कोण होतं?"