टोटोरो मृत्यूदेव नाहीये, आणि मेई मेलेली नाहीये

२०२५ च्या मार्चमध्ये सगळ्यांनी एआयवर आपापले घिबली फोटो करून डीपीला लावले ना, तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, आणि दरवेळी कुणीतरी मला टॅग करतंच, कारण स्टुडिओ घिबलीचा 'माय नेबर टोटोरो' हा जपानी अ‍ॅनिमेशन पिक्चर माझ्या किती जिवाभावाचा आहे हे सगळ्यांना माहितीये. गोष्ट दोन बहिणींची, आई हॉस्पिटलमध्ये, आणि त्यांना जुन्या झाडापाशी राहणारा टोटोरो भेटतो. मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. टोटोरो हा गोड प्राणी वगैरे काही नाही, तो मृत्यूदेव आहे आणि जो मरणार असतो त्यालाच तो दिसतो. धाकटी मेई तळ्यात बुडून मेलीये. थोरली सात्सुकी तिला शोधत मांजरबसमधून, म्हणजे मांजराच्या रूपातल्या बसमधून, परलोकात जाते, म्हणजे तीही गेली, म्हणूनच शेवटी दोघींना सावली नाही. आणि हे सगळं १९६३ च्या सायामा खून प्रकरणावर बेतलंय. शेवटची ओळ अशी की हे कळल्यावर तुम्हाला हा पिक्चर आधीसारखा बघताच येणार नाही.

मला राग येतो तो या शेवटच्या ओळीचा, कारण ती खरी ठरतेय. माझ्या मावसभावाने आधी हा मेसेज वाचला आणि मग पिक्चर बघायला बसला, तर पूर्ण ८६ मिनिटं तो सावल्या शोधत होता, सारखं पॉज करून झूम. बसस्टॉपवरचा पाऊस, टोटोरोच्या डोक्यावर ती छोटीशी छत्री, छत्रीवर थेंब टपटपल्यावर त्याच्या अंगावर येणारा शहारा आणि मग आणखी थेंब पडावेत म्हणून त्याने मारलेली ती उडी, हे सगळं समोर चालू असताना हा मोबाईलवर थिअरी वाचत होता. म्हणून आता एकेक मुद्दा घेऊन सविस्तर लिहितेय.

सावलीपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त लोक तोच 'पुरावा' दाखवतात. हा पिक्चर १९८८ चा, म्हणजे प्रत्येक चित्र हाताने काढून सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर, रंगवलेलं, सावली दाखवायची तर ती वेगळी काढायची, वेगळी रंगवायची, मग कुठल्या शॉटला सावली हवी आणि कुठे नको हे काम करणारे लोक ठरवतात. शेवटचे प्रसंग तर दिवस कलल्यानंतरचे आहेत. आणि यात अंदाज बांधायची गरजच नाही कारण स्टुडिओ घिबलीने स्वतः २००७ च्या मे महिन्यात हे जाहीरपणे सांगून टाकलंय की टोटोरो मृत्यूदेव आहे किंवा मेई मेलीये यात काडीचंही तथ्य नाही, आणि त्या शॉटमध्ये सावलीची गरज वाटली नाही म्हणून काढली नाही. ज्यांनी पिक्चर बनवला ते सांगतायत, आणि तरी इतक्या वर्षांनी मेसेज फिरतोच आहे.

मग येते चप्पल. मेई हरवते तेव्हा तळ्यात एक छोटी चप्पल सापडते, गावातली माणसं बांबूने पाणी ढवळतायत, शेजारच्या आजीबाई हातात ती चप्पल धरून देवाचं नाव घेत बसल्यात, सात्सुकी धापा टाकत येते, चप्पल बघते आणि म्हणते की ही मेईची नाही. झालं, विषय संपला. मेसेजवाले म्हणतात ती खोटं बोलते, तिला सत्य स्वीकारता येत नाही. मला सांगा, जी मुलगी बहिणीला शोधायला धावत धावत दुसऱ्या गावाच्या रस्त्यापर्यंत गेली, पायातल्या चपला हातात घेऊन अनवाणी पळाली, ती बहिणीची चप्पल ओळखून नाही म्हणेल आणि परत शोधायला पळेल? तो सीन तुम्ही मेसेज न वाचता बघा, तिने 'नाही' म्हटल्यावर आजीबाईंचा जीव कसा भांड्यात पडतो ते बघा. माझी आई त्या क्षणी सोफ्यावर पुढे सरकून बसली होती आणि 'बाई गं, वाचली' असं मोठ्याने म्हणाली.

जिझोच्या मूर्तींचंही तसंच. हरवलेली मेई रस्त्याकडेच्या जिझोंपाशी बसलेली दिसते, आणि जिझो हा मेलेल्या मुलांचा देव म्हणून मेई मेली असं गणित मांडतात. अहो, जिझो मेलेल्या मुलांना सांभाळतो तसाच जिवंत मुलांना सांभाळतो आणि वाटसरूंनाही, म्हणूनच तर जपानमध्ये तो वाटेवर जागोजागी असतो. याच पिक्चरमध्ये आधी पावसात दोघी बहिणी जिझोच्याच देवळीत आडोशाला थांबतात, सात्सुकी हात जोडून त्याची परवानगी मागते, आणि तिथेच गावातला मुलगा कांता लाजत लाजत आपली फाटकी छत्री त्यांना देऊन भिजत पळत जातो. तेव्हा कोण मेलं होतं? चार वर्षांची पोर वाट चुकली आणि देवापाशी जाऊन बसली. मला तर तो सगळ्यात धीर देणारा शॉट वाटतो.

'मरणाऱ्यालाच दिसतो' याचं उत्तरही पिक्चरमध्येच आहे. जुन्या घरात ते काजळीचे गोळे असतात ना, अंधारात राहणारे, माणसं आली की पळणारे, त्यांच्याबद्दल शेजारच्या आजीबाई सांगतात की मी लहान असताना मलाही दिसायचे. त्या आजीबाई चांगल्या धडधाकट, शेतात राबणाऱ्या, काकड्या गार करून पोरींना खायला देणाऱ्या. म्हणजे या जगातला नियम लहानपणाचा आहे, मरणाचा नाही. आणि टोटोरो कोण हे मुलींचे बाबा सरळ सांगतात, मेई म्हणते मी त्याला बघितलं तर ते तिला खोटं पाडत नाहीत, म्हणतात तुला या वनाचा राजा भेटला असेल, आणि तिघंही जाऊन त्या थोरल्या कापराच्या झाडापुढे वाकून नमस्कार करतात.

इथे माझ्या आजीची प्रतिक्रिया सांगायलाच हवी. आजी सावंतवाडीकडची. सबटायटल वाचणं तिला जमत नाही, मी बाजूला बसून सांगत होते, आणि टोटोरो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "अगो, हो तर राखणदार!" तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. जुनं झाड, त्याला बांधलेला दोर, खाली छोटंसं देऊळ, आत कुणीतरी मोठं आणि शांत राहणारं, हे तिच्या गावच्या देवराईत तिने लहानपणापासून ऐकलेलं होतं. तिला भीती वाटली नाही आणि 'हा यमदूत का?' असा प्रश्नही पडला नाही.

आता मांजरबस. तिच्या पाटीवर फिरणाऱ्या नावांत थडग्यांकडे जाणाऱ्या वाटेचं एक नाव आहे असं सांगतात. असेल. पण त्याच पाटीवर आणखीही ठिकाणं येतात, आणि सात्सुकी बसते तेव्हा पाटीवर येतं 'मेई', नंतर येतं ते हॉस्पिटलचं नाव. बस तिथेच जाते. परलोकाचा स्टॉप तिने घेतलेला मी तरी बघितलेला नाही.

सायामा प्रकरणावर जरा थांबते, कारण इथे नुसती चूक नाहीये, मला हे वाईट वाटतं. मेसेजमध्ये लिहितात की दोन लहान बहिणी होत्या, धाकटीचा खून झाला आणि थोरलीने 'मला मोठा प्राणी भेटला' असं सांगितलं. प्रत्यक्षात १ मे १९६३ रोजी सायतामा प्रांतातल्या सायामा शहरात जी मुलगी गेली ती १६ वर्षांची, हायस्कूलला जाणारी, शाळेतून घरी परतताना नाहीशी झाली, घरी खंडणीची चिठ्ठी आली, पैसे घ्यायला आलेला माणूस पोलिसांच्या हातून निसटला आणि ४ मे ला तिचा मृतदेह सापडला. यात तळं नाही, चार वर्षांची मुलगी नाही, आणि त्या 'मोठ्या प्राण्या'चा कसलाही पुरावा मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कुणी मला आजवर दिलेला नाही. आणि या केसचा खरा प्रश्न जपानमध्ये वेगळाच आहे. पोलिसांनी काझुओ इशिकावा नावाच्या तरुणाला पकडलं, तो बुराकु समाजातला, म्हणजे तिथे पिढ्यानपिढ्या अस्पृश्यासारखी वागणूक मिळालेल्या समाजातला, आधी फाशी सुनावली, १९७४ ला जन्मठेप झाली, १९९४ ला पॅरोलवर सुटला, आणि मी निर्दोष आहे, माझी केस परत चालवा हे म्हणत म्हणतच २०२५ च्या मार्चमध्ये वारला. जातीच्या संशयावरून माणसाचं आयुष्य कसं जातं हे महाराष्ट्रात कुणी समजावून सांगायची गरज नाही. एका मुलीचा खून आणि एका माणसाचं सगळं आयुष्य, आणि आपण ते रीलवर थरारक म्युझिक लावून कार्टूनचा मसाला म्हणून फिरवतोय.

राहिला जागेचा आणि नावांचा मुद्दा. घरात सायामा चहाचा डबा दिसतो म्हणतात. तो भागच सायामा चहाचा आहे, गोष्ट घडते सायामाच्या टेकड्यांपाशी, दिग्दर्शक हायाओ मियाझाकी त्याच टेकड्यांजवळच्या तोकोरोझावाला कित्येक वर्षं राहतायत, आणि त्या टेकड्यांवरचं रान बिल्डरांच्या हातात जाऊ नये म्हणून लोकांनी वर्गणी काढून १९९१ पासून तुकड्या-तुकड्याने विकत घेतलंय, त्याला नावच टोटोरोचं रान. दोघींच्या नावांचा अर्थ मे महिना, आणि खूनही मे महिन्यात, हा शेवटचा धागा. पण मुळात मियाझाकींच्या डोक्यात एकच मुलगी होती, नंतर त्या एकीच्याच दोघी बहिणी केल्या, म्हणून दोघींच्या वाट्याला एकच महिना आला. पटत नसेल तर पोस्टर काढून बघा. बसस्टॉपवर टोटोरोशेजारी एकटीच मुलगी उभी आहे, ती धड सात्सुकी नाही धड मेई नाही, दोघींची सरमिसळ.

मेलेली भावंडं कुठून आली याबद्दल माझं स्वतःचं एक मत आहे. १६ एप्रिल १९८८ ला टोटोरो लागला तेव्हा एकाच तिकिटावर दोन पिक्चर होते, दुसरा इसाओ ताकाहाताचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', महायुद्धात उपासमारीने जाणाऱ्या भावाबहिणीचा, आणि त्यात खरोखरच मेलेला भाऊ आपली गोष्ट सांगतो. मेलेल्या मुलांची गोष्ट घिबलीला सांगायची होती तेव्हा त्यांनी ती उघडपणे, अंगावर काटा येईल अशी सांगितली. टोटोरोमध्ये लपवून सांगायची त्यांना काय गरज होती?

शेवटचा सीन तर मेसेजवाले अर्धाच सांगतात. दोघी हॉस्पिटलबाहेरच्या झाडावर बसून आई-बाबांना बघतात, आत जात नाहीत, आईला क्षणभर वाटतं त्या झाडावर पोरी हसताना दिसल्या, म्हणून त्या भुतं. पण खिडकीत मक्याचं कणीस असतं ते? त्याच्या सालीवर 'आईला' असं कोरलेलं असतं आणि बाबा ते हातात उचलून घेतात. आजीबाई म्हणाल्या होत्या की माझ्या शेतातलं खाल्लं की आई लवकर बरी होईल, म्हणून मेई ते कणीस छातीशी धरून निघालेली, वाटेत बकरी ओढायला लागली तरी सोडलं नाही, आणि शेवटी ते पोचलं. त्यानंतर नावं सुरू होतात तेव्हा लोक टीव्ही बंद करतात, मोठीच चूक, कारण त्यातच आजीबाई मेईला पोटाशी धरतात, कांता सोबत असतो, पुढे आई टॅक्सीतून घरी येते, पोरींना कुशीत घेऊन पुस्तक वाचते. मेलेल्या मुलीला शेजारच्या आजीबाई कशा उचलून घेतील?

आणि मरण या पिक्चरमध्ये आहेच की, मी कुठे नाही म्हणतेय. आईचं आजारपण आहे. पिक्चरमध्ये आजाराचं नाव घेत नाहीत, पण मियाझाकींची स्वतःची आई त्यांच्या लहानपणी कित्येक वर्षं मणक्याच्या टीबीने अंथरुणाला होती. माझ्या आजीने हे कुठे वाचलेलं नाही, तरी हॉस्पिटलचा तो प्रसंग आला, पोरी सायकलवरून बाबांबरोबर भेटायला जातात, आई सात्सुकीचे केस विंचरते, तेव्हा आजी एकदम म्हणाली, "इतक्या जवळ कशी येऊ देतात पोरांना?" तिची आई मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये होती. लांबूनच बघायचं, हात लावायचा नाही, आणि घरी कुणी काही सांगायचं नाही. पुढे हॉस्पिटलची तार येते, आईचं घरी येणं पुढे ढकललं जातं आणि एवढा वेळ शहाण्यासारखी वागणारी, डबे करणारी सात्सुकी आजीबाईंपुढे 'आई मेली तर?' म्हणून हंबरडा फोडते, तिथे माझी आजी पदर डोळ्यांना लावून रडली, आणि नंतर कितीतरी वेळ मिरजेच्या गोष्टी सांगत बसली, ज्या माझ्या आईनेही कधी ऐकलेल्या नव्हत्या. या दोन मुलींना आधीच मेलेलं ठरवलं ना, की हा सगळा हंबरडा फुकट जातो. मेलेल्या मुलीला आई मरायची कसली भीती?

मेसेजमध्ये एक 'टीप' पण असते की लहान मुलांना हा पिक्चर दाखवू नका. माझ्या भाचीला मी तो दाखवलाय, ती मेईएवढीच आहे. टोटोरोच्या पोटावर मेई पडते तिथे ती इतकी हसली की आम्हाला मागे घेऊन परत लावावं लागलं, मेई हरवते तिथे माझा हात घट्ट धरून बसली, सापडल्यावर सोडला. पिक्चर संपल्यावर तिचा प्रश्न एकच होता, ती बकरी मग उपाशीच राहिली का. दाखवा खुशाल. फक्त घरातल्या मोठ्यांना सांगा की तो मेसेज आधी वाचून बसू नका आणि नावं येताना रिमोट हातात घेऊ नका.