कोकणात पळताय? मग घड्याळ बेताचं घ्या, पट्टा चांगला घ्या

स्पष्टच लिहिते, वाद कमेंटमध्ये घालू. किनारपट्टीवर पळणाऱ्या माणसाने पन्नास-साठ हजारांचं घड्याळ घ्यायची काही गरज नाही. मधल्या किमतीतलं, बटणं असलेलं, स्वतःचं जीपीएस असलेलं घड्याळ घ्या आणि वाचलेल्या पैशांतून छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा घ्या. आमच्या रत्नागिरीच्या सकाळच्या ग्रुपमध्ये नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न बुटांचा आणि दुसरा घड्याळाचा. आणि येताना सगळे मोठ्या शहरांतल्या रिव्ह्यूंचे व्हिडिओ बघूनच आलेले असतात. त्या लोकांना टॉवरच्या गल्ल्यांतून पळायचं असतं. आपल्याला भाट्याच्या किनाऱ्यावर.

सध्या जास्तीचे पैसे जातात ते ‘मल्टीबँड’ किंवा ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’ या शब्दांवर. साध्या घड्याळात उपग्रहांचा एल१ हा एकच सिग्नल येतो, १५७५.४२ मेगाहर्ट्झचा. महागड्यात जोडीला एल५, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झ. उंच इमारतीवर आपटून सिग्नल उशिरा पोचतो आणि घड्याळाला वाटतं तुम्ही पलीकडच्या फुटपाथवर आहात. असली गफलत पकडायला एल५ खरंच उपयोगी पडतो. पण समुद्राच्या कडेला अर्धं आभाळ मोकळं असतं. आंब्याच्या बागांमधून, ओल्या झाडोऱ्याखालून किंवा डोंगर कापून काढलेल्या रस्त्यावर थोडंफार इकडेतिकडे होतं, नाही असं नाही. पण एवढ्यासाठी दहा-पंधरा हजार? घाटातल्या वळणांचं अचूक माप कुणाला द्यायचं आहे! वळणं कापली जात असतील तर सेटिंगमध्ये जाऊन दर सेकंदाला नोंद घेणारा पर्याय निवडा, निम्मी तक्रार तिथेच मिटते. मधल्या किमतीची घड्याळंही आता अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बैदू पकडतात, तेवढं पुष्कळ झालं.

(‘आपलं नाविक का नाही?’ असं कुणीतरी विचारणारच. नाविक म्हणजे जीपीएससारखीच इस्रोची यंत्रणा. तिचे आधीचे उपग्रह एल५ आणि एस बँडवर बोलायचे, आणि साध्या घड्याळातली चिप ऐकते एल१. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून नाविकवर एल१ सुरू झाला. त्यामुळे वाट बघायला हरकत नाही, पण त्यासाठी खरेदी अडवू नका.)

एक गोष्ट मात्र दुकानात नक्की विचारा. दोन-चार हजारांच्या घड्याळांच्या खोक्यावर जीपीएस लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरात ‘कनेक्टेड’. म्हणजे जीपीएस फोनचं, घड्याळ नुसतं दाखवणार. पावसात फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पळायची हौस असेल तरच घ्या.

आता ठोक्यांकडे येते, कारण माझं भांडण तिथे आहे.

घड्याळाच्या पोटाला जो हिरवा दिवा लुकलुकतो, तो मनगटातल्या रक्ताचे चढउतार बघतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की जास्त, मधल्या क्षणी कमी. बसल्या जागी, झोपेत, रमतगमत चालताना हे मोजमाप छान जमतं. पळताना मात्र हात हलतो, पावलागणिक घड्याळ मनगटावर आदळतं आणि त्याच लयीत दिव्याखालचा प्रकाशही हलतो. मग घड्याळ ठोके सोडून पावलंच मोजायला लागतं. भाट्याला एकदा मैत्रिणीबरोबर अगदी आरामात पळणं चाललं होतं. तिच्या वहिनीच्या डोहाळजेवणाचा बेत ठरत होता, पुरणपोळी की श्रीखंड. तिचं घड्याळ १७४ दाखवत होतं. १७४ ठोक्यांवर आमच्या वयाच्या बाईला श्रीखंडाचा पुरस्कार करता येत नाही हो! स्क्रीन बदलून पावलांचा आकडा काढला, तर मिनिटाला १७४. वर घरी गेल्यावर त्याच घड्याळाने ‘आज फार ताण झाला, विश्रांती घ्या’ असा सल्ला दिला, आणि ती बिचारी दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर, घट्ट बांधलं तर हे कमी होतं. पण आपल्या घामात घड्याळ खाली सरकायचं ते सरकतंच.

छातीचा पट्टा दिवा वगैरे लावत नाही. तो हृदयाचा विजेचा सिग्नलच पकडतो, ईसीजीच्या जातीचं काम. फिनलंडच्या पोलार कंपनीने बिनतारी हार्ट रेट मॉनिटर बाजारात आणला तो १९८२ मध्ये, तेव्हा घड्याळात जीपीएस ही कल्पनाही नव्हती. पट्ट्याला एकच अट, कातडीला लागणारा भाग ओला हवा. कोरड्या हवेतले लोक पळण्याआधी तो पाण्याने भिजवतात. आपल्याकडे स्टँडपासून मांडवीपर्यंत पोचेतो तो आपोआप भिजतो. बायकांना स्पोर्ट्स ब्राच्या पट्टीखाली तो काचतो, हे मला मान्य आहे. मग दंडाला बांधायचा बँड घ्या. त्यातही दिवाच असतो, पण दंडाला मांस जास्त आणि हादरे कमी, त्यामुळे मनगटापेक्षा आकडा कितीतरी बरा येतो. घेण्याआधी तुमचं घड्याळ बाहेरचा सेन्सर जोडून घेतं का आणि कशावर, ब्लूटूथ की एएनटी प्लस (सेन्सर बिनतारी जोडायची दुसरी पद्धत), हे बघा. स्वस्तातली बरीच स्मार्टवॉच कशालाच जोडून घेत नाहीत.

ठोक्यांवर एवढा जीव का, तर इथे वेगाच्या आकड्याला काही अर्थच उरत नाही म्हणून. घाम सुकला तर अंग गार होतं. आपल्याकडे तो सुकत नाही, हनुवटीवरून ठिबकतो. पहाटे हवा गार लागते खरी, पण दमटपणा तेव्हाच सगळ्यात जास्त. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, हृदयाकडे परत येणारं कमी पडतं, मग हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. जानेवारीत ज्या वेगाला १४० ठोके पडायचे, त्याच वेगाला ऑक्टोबरच्या उकाड्यात दहा-पंधरा जास्त पडले तर तुमची तब्येत बिघडलेली नाही, हवा तशी आहे. त्यात वाळू. त्यात पावस रस्त्याने सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढताना लागणारा दम. पुण्याच्या भाच्याने पाठवलेलं किलोमीटरला अमुक मिनिटांचं वेळापत्रक इथे पाळायला गेलात तर रोजचं पळणं म्हणजे रोजची शर्यत होईल. त्यापेक्षा आरामाच्या दिवशी ठोक्यांची एक मर्यादा धरा आणि ती ओलांडली की सरळ चाला. लोक बघतात, बघू देत. आमच्याकडे एक आजी दर वेळी विचारतात, ‘दमलीस का गो?’ हो म्हणायचं आणि पुढे जायचं.

मर्यादा मात्र घड्याळाने वयावरून आपणहून ठरवलेली नको. २२० वजा वय हे सूत्र सोपं आहे, पण माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. २००१ साली मांडलेलं दुसरं सूत्र आहे, २०८ वजा वयाच्या सात दशांश. पासष्टीच्या माणसाला पहिलं १५५ सांगतं आणि दुसरं साधारण १६२. आमच्या ग्रुपमधल्या निवृत्त मंडळींना हा फरक चांगलाच जाणवतो. चढावर जीव तोडून पळून आपला आकडा शोधायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, चाळिशीपुढच्यांनी तर नक्कीच. आणि छातीत दुखलं तर घड्याळाकडे बघत बसू नका.

बाकीचं भराभर सांगते. स्क्रीनला हात लावून चालणारं घड्याळ पावसात वेडं होतं. थेंबच बोटाचं काम करतात आणि पळणं मध्येच ‘पॉज’ होतं. बटणं हवीतच. दुकानात फोनसारखा उजळणारा अमोलेड स्क्रीन झगझगीत दिसतो आणि शेजारचा एमआयपी, म्हणजे बाहेरच्या उजेडावर वाचायचा स्क्रीन, मळका, पण उन्हात वाळूवर तोच मळका लख्ख वाचता येतो आणि बॅटरीही जास्त टिकते. घड्याळावर लिहिलेलं ५ एटीएम म्हणजे पन्नास मीटर खोल बुडी मारायचा परवाना नव्हे, तो स्थिर पाण्याच्या दाबाचा आकडा आहे. खरा शत्रू मीठ. घरी आलं की घड्याळ गोड्या पाण्याखाली धरा, मागच्या चार्जिंगच्या टोकांवरचं पाणी पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच चार्जरला लावा, नाहीतर टोकं हिरवी पडतात. पट्ट्याचा सेन्सरही दर वेळी काढून ठेवा.

भरती-ओहोटी दाखवणाऱ्या घड्याळासाठी तर एक पैसा जास्त देऊ नका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते. पंचमीला पावणेचारच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या सुमारास, म्हणजे पहाटे ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणीही लांब मागे गेलेलं. पळायला घट्ट वाळू हवी असेल तर भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

पट्टा विकत घेण्याआधी वापरून बघायचा असेल तर माझा आणि मैत्रिणीचा दंडाचा बँड दोन्ही रविवारी मांडवीला मिळतील. धुतलेला मिळेल याची हमी माझी, धुऊन परत करायची तुमची.