खरूज: दोनदा क्रीम लावूनही खाज का राहते?

नमस्कार. खरजेवरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की पर्मेथ्रिन (खरजेचे किडे मारणारं क्रीम) दोनदा लावूनही दहा दिवसांनी खाज आहेच, म्हणजे औषध निकामी. त्यापेक्षा गंधक आणि कडुलिंबाचा पाला बरा. शिवाय रोज आंघोळ करणाऱ्या घरात खरूज होईलच कशी?

आंघोळीचा इथे फारसा संबंध नाही. खरूज एका बारीक किड्यामुळे होते; त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते, साबण तिथे पोचत नाही. एका अंथरुणात झोपलं की लागण होते.

खाज उरली म्हणजे किडा जिवंत आहे असं नाही. मेलेले किडे आणि त्यांची विष्ठा कातडीत राहते, त्याची ॲलर्जी दोन ते चार आठवडे टिकते. म्हणून खाजेकडे नको, नव्या बिळांकडे बघा: बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूला, काही मिलिमीटरची नागमोडी राखाडी रेघ. नवी रेघ किंवा नवे फोड नसतील तर क्रीम पुन्हा पुन्हा थापू नका, त्यानेच कातडी चुरचुरते.

पण तुमच्याच प्रतिक्रियेत खरी गोम आहे: 30 ग्रॅमची एक ट्यूब चौघांत, तीही ‘खाजतं तिथेच’! तेवढी एका मोठ्या माणसालाच लागते. रात्री कोरड्या अंगाला मानेपासून तळपायापर्यंत लावायची. बेंबी, काखा, जांघा, नखांखालीसुद्धा. 8 ते 14 तासांनी धुवायची. मधे हात धुतले तर हातांना परत लावायची, हे मूळ लेखात राहिलं होतं, ती चूक माझी. सात दिवसांनी पुन्हा एकदा तशीच लावायची, कारण काही अंडी पहिल्यातून वाचतात. आणि घरातले सगळे एकाच रात्री, न खाजणारेही: पहिल्या लागणीत खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात, तोवर तो माणूस बाकीच्यांना लागण देतच असतो.

गेल्या तीन दिवसांतले कपडे, चादरी कडक गरम पाण्यात धुवा. धुता न येणारं प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा. अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसच जगतो, पेस्ट कंट्रोलवर पैसे घालवू नका.

गंधकाबद्दल तुमचं बरोबर आहे. गंधकाचं मलम वास मारतं, कपडे डागाळतं, पण काम करतं. दोन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टर बहुधा तेच देतात. कडुलिंबावर मात्र विसंबू नका. आणि मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणू नका: खाज दबते, पुरळ ओळखू येईनासं होतं आणि खाली किडे वाढत राहतात.