पाय मुरगळला की १०८, छातीत दुखलं की मोटरसायकल

आमच्या बेळगावच्या सीमाभागात एक उफराटा प्रकार चाललाय आणि तो बघून माझं डोकं फिरायची वेळ आलीय. पायाला ठेच लागली, दोन दिवस ताप येतोय, म्हातारीला सलाईन लावून आणायचंय, की लगेच "१०८ लाव", म्हणजे ॲम्ब्युलन्स बोलाव. आणि छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, बांधावर घोणस चावली, की मोटरसायकल काढतात. पुढं एक चालवणारा, मागं एक धरणारा, मधे रुग्ण. मान लटकतेय, पाय फरफटतायत, आणि हे निघाले बेळगावला. वेंगुर्ला रोडवर राहणाऱ्या कुणालाही विचारा, हे दृश्य त्यानं पाहिलेलं असणार.

मी उद्यमबागेत फाउंड्रीत काम करतो. दिवसभर कन्नड बोलावं लागतं, म्हणून गल्लीत १०८ ला फोन लावायचं काम माझ्याकडं. "तुला कन्नड येतंय न्हवं, तूच लाव की." लावतो. पहिली शिफ्ट असली आणि रात्री दोनला दार वाजलं तरी उठतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि वयस्क माणसं घाबरलेली असताना परक्या भाषेत पत्ता सांगायला अडखळतात हे मला कळतं. खरं ज्या कारणासाठी उठवतात, त्याचा संताप येतो.

रोप लावणीचे दिवस होते. धो-धो पाऊस. दार वाजलं, बघतो तर शेजारचा पोरगा भिजत उभा. "दादा, लवकर १०८ लावा, बाबा पडलेत." धावत गेलो. बाबा खाटेवर बसून तंबाखू मळत होते. गोठ्यात पाय घसरला होता, घोट्याला सूज होती. उभं राहून दाखवा म्हटलं तर उभे राहिले, चार पावलं टाकली, परत येऊन बसले. दारात त्यांची स्वतःची चारचाकी उभी. मी म्हटलं, आता थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, पाय उशीवर वर घ्या आणि सकाळी गाडीनं दवाखान्यात न्या. तर घरातला कर्ता मुलगा मलाच म्हणतो, "पेट्रोल कशाला जाळायचं? १०८ फुकट येते की! आणि त्यातनं गेलं की लगेच बघतात." मी फोन लावला नाही. त्यांनी दुसऱ्याकडून लावून घेतला. गाडी आली, बाबांना घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी मीच गल्लीत माणुसकी नसलेला ठरलो.

माणुसकी कुणाला नाही ते बघूया.

ही गाडी कर्नाटकात २००८ सालापासून धावतेय. फुकट आहे, कारण पैसे नसलेल्या माणसाचा जीव पैशापायी जाऊ नये. तुमचं पेट्रोल वाचावं म्हणून नव्हे. एका गाडीकडं कितीतरी गावं असतात. एकदा ती बाहेर पडली की रुग्णाला उचलायचं, शहरात न्यायचं, दवाखान्यात ताब्यात द्यायचं, कागद भरायचे, परत यायचं, यात तास-दोन तास सहज जातात. तेवढ्यात बाजूच्या गावात एखाद्या बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला तर दुसरी गाडी लांबून येणार. ती बाई कुणाची तरी सूनच आहे की. आणि ॲम्ब्युलन्समधून गेलं की आधी बघतात, हे कुणी डोक्यात भरवलंय कोण जाणे. अपघात विभागात कुठल्या गाडीतून आलात हे बघत नाहीत, कुणाचा जीव जास्त धोक्यात आहे हे बघतात. मुरगळलेला पाय स्ट्रेचरवरून नेला तरी तो मुरगळलेला पायच राहतो, आणि त्याला बाकावर थांबावंच लागतं.

आता दुसरी बाजू, जिचा मला याहून जास्त राग येतो.

आमच्याच गल्लीतले एक मामा. साठीच्या पुढचे, साखर असलेले. संध्याकाळी गवताचा भारा टाकून आले आणि ओट्यावर बसले ते उठेनात. सदरा घामानं चिंब, चेहरा राखेसारखा. "छातीत जळजळूलालंय" एवढंच म्हणत होते. घरच्यांनी काय करावं? आधी सोडा दिला. मग ओवा चावायला दिला. मग कुणीतरी म्हणालं गॅस आहे, पाठ चोळा. पाठ चोळण्यात अर्धा तास गेला. मग डावा हात जड झाला म्हणाले, तेव्हा मोटरसायकल काढली. त्या दिवशी मी कामावर होतो. गल्लीत एवढे फोन होते, प्रत्येकाच्या हातात एक, खरं एकानंही १०८ दाबला नाही. कारण काय, तर "उगीच गाडी बोलावून गावात गवगवा कशाला?" मामा वाटेतच गेले. मोटरसायकलवर बसलेल्या माणसाचं हृदय थांबलं तर मागं धरणारा काय करणार? त्याला कळत पण नाही. त्याला वाटतं झोप लागली.

पाय मुरगळल्यावर गवगवा चालतो आणि छातीत दुखल्यावर लाज वाटते. हे मला सहन होत नाही.

ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन असतो, आडवं झोपवता येतं, शिकलेला माणूस सोबत असतो, वाटेत काही झालं तर छाती दाबायला त्याला जागा आणि हात दोन्ही असतात. मोटरसायकलवर यातलं काय आहे? आणि साखरेच्या रुग्णाला, बायकांना, वयस्कांना हार्ट अटॅकमध्ये सिनेमासारखं छाती धरून कोसळायला होतंच असं नाही. नुसता दम लागतो, जीव घाबरा होतो, जबडा दुखतो, मळमळतं, घाम फुटतो. एवढं दिसलं तरी फोन लावा. गॅसच निघाला तर कुणी तुम्हाला रागावणार नाही, मी तर नक्कीच नाही.

वारं गेलेल्याचं, म्हणजे लकवा झालेल्याचं, तर बोलायलाच नको. तोंड एका बाजूला ओढलंय, एक हात उचलत नाही, बोलणं बोबडं झालंय, आणि माणसं त्याला घेऊन औषध देणाऱ्या कुणाकडं तरी निघतात. कबुतराचं रक्त चोळायला! अरे, मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याच्या आधी सीटी स्कॅन करावा लागतो. त्रास कधी सुरू झाला ती वेळ डॉक्टर पहिल्यांदा विचारतात. तुम्ही कबुतर शोधण्यात सकाळ घालवून दुपारी बेळगावात पोहोचलात तर डॉक्टर काय करणार? मग वर्षानुवर्षं तो माणूस खाटेवर पडून राहतो आणि त्याची उस्तवार घरातली बाई करते.

साप चावल्यावर दोरी आवळून बांधतात, ब्लेडनं चिरतात, मांत्रिकाच्या दारात बसतात. आपल्याकडं घोणस आहे, मण्यार आहे, नाग आहे, फुरसं आहे. चौघांच्याही विषावर एकच प्रतिविष चालतं आणि ते दवाखान्यात मिळतं, मांत्रिकाकडं नाही. चावलेला भाग हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, फोन लावायचा. फणसाच्या झाडावरून पडलेल्या पोराला चौघांनी हातापायाला धरून रिक्षात कोंबलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. मणका मोडलेला असला तर त्या कोंबण्यातच पाय कायमचे जातात. तिथं गाडीची वाट बघा. तिथं मान सरळ धरून बसा. तिथं उगीच मर्दपणा नको.

आणि पिकावरचं औषध प्यायलेल्याला मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका. ते फुफ्फुसात उतरतं. बाटली बरोबर घ्या आणि फोन लावा.

मग १०८ कशाला लावायचा नाही? शुद्धीत असलेल्या, बोलणाऱ्या, श्वास नीट चाललेल्या माणसाला बसून जाता येत असेल तर त्याला रिक्षा पुरते, गाडी पुरते, दिवसा बस पुरते. हात मोडला असेल तर ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवा आणि चला. विळा लागून कापलं तर स्वच्छ फडक्यानं दहा मिनिटं दाबून धरा, दर मिनिटाला उघडून बघू नका. रक्त थांबलं तर टाक्यांसाठी आपण होऊन जा, थांबत नसेल तर फोन. कुत्रं चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. ॲम्ब्युलन्सची गरज नाही, खरं उद्यावर ढकलायचं पण नाही. मोठ्या माणसाचा साधा ताप, जुनी कंबरदुखी, पट्टी बदलायची, प्लास्टर काढायचं, दवाखान्यातून घरी यायचं, यासाठी ही गाडी नाही. कळत नसेल तर १०४ हा आरोग्य सल्ल्याचा नंबर आहे, गावातली आशाताई आहे, तिला विचारा.

आमच्याकडं वाहनाची अडचण आहे हे मी नाकारत नाही. रात्रीची शेवटची बस गेली की रिक्षावाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो. ज्याच्या घरात चारशे रुपये नाहीत त्यानं तापलेलं पोर घेऊन काय करायचं? त्याच्यावर माझा राग नाही. तिकडं खानापुरात, भीमगडच्या जंगलातल्या गावांत तर पावसाळ्यात गाडी पोहोचतच नाही, माणसाला खांद्यावरून चिखल तुडवत रस्त्यापर्यंत आणावं लागतं. रस्ता देणं हे सरकारचं काम आहे, कुठल्या पण सरकारचं, आणि सीमाभागातल्या माणसानं ते ओरडून मागितलंच पाहिजे. खरं दारात चारचाकी असलेल्यानं गरिबाच्या अडचणीचं कारण पुढं करू नये. आणि गावात एवढी युवक मंडळं आहेत, गणपतीला लाखाची वर्गणी गोळा करतात. रात्री गाडी काढायला तयार असलेल्या चार जणांचे नंबर देवळाच्या भिंतीवर रंगवायला काय खर्च येतो?

फोन लावायचा तरी नीट लावा. हद्दीवर कुद्रेमनीच्या बाजूला मोबाईल कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, आणि मग कॉल तिकडच्या १०८ ला जाऊ शकतो. म्हणून पहिल्यांदा राज्य, तालुका आणि गाव सांगा, मग खूण सांगा, मग रुग्णाला काय होतंय ते. पलीकडचा प्रश्न विचारतो तो वेळ काढायला नाही, "तुम्ही आधी गाडी पाठवा हो" म्हणून फोन आपटू नका. गाडी किती वेळात येईल ते विचारा. फार लांब असेल तर चारचाकी बघा आणि वाटेत गाठता येईल का ते त्यांनाच विचारा. एक पोरगं बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा. गल्लीतल्या मोटरसायकली बाजूला काढा. परवा गाडी आली तर तोंडावरच लग्नाचा मांडव, आणि मांडववाला म्हणतो पाच मिनिटं थांबा. आणीबाणीच्या गाडीला वाट न देणाऱ्याला कायद्यानं दहा हजार रुपये दंड आहे, २०१९ पासून. गणपत गल्लीत, खडेबाजारात सायरन वाजत असताना गाडी पुढं दामटणाऱ्या प्रत्येकाकडून तो वसूल झाला पाहिजे.

आता मी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलंय. दार वाजवलंत तर आधी विचारणार: शुद्ध आहे का, श्वास नीट आहे का, बसून जाता येईल का. तिन्हीला व्हय म्हणालात आणि छातीचं, वाऱ्याचं, सापाचं, विषाचं, बाळंतिणीचं, उंचावरून पडल्याचं, न थांबणाऱ्या रक्ताचं काही नसलं, तर मी १०८ लावणार नाही. घरात गाडी नसेल तर माझी काढतो, पेट्रोल माझं. राग आला तर येऊ दे. खरं पुन्हा कुणी छातीत दुखणाऱ्या माणसाला मोटरसायकलवर मधे बसवून नेलं, तर त्याच्या दारात जाऊन चार लोकांसमोर बोलणार आहे, मग तो माझा चुलता असो नाहीतर ग्रामपंचायतीचा अध्यक्ष.