जयराव राघोबा, नारायण एकोबा आणि अजिंठ्याच्या भिंती

गेली बावीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा आटोपल्या की थंडीत नववीच्या मुलांना घेऊन अजिंठ्याला जायचं, हा माझा नेम. फर्दापूरच्या फाट्यावर आमची गाडी सोडायची, लेण्यांच्या बसमध्ये बसायचं, आणि पायऱ्या चढून वर आलं की वाघूर नदीच्या त्या नालासारख्या वळणाकडे पाहत जरा दम खायचा. मग पहिलं लेणं. चपला बाहेर काढून आत शिरलं की काहीच दिसत नाही. डोळे सरावतात तशी मुलांची बडबड आपोआप थांबते, आणि गाभाऱ्याच्या डाव्या अंगाला हातात निळं कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी अंधारातून हळूहळू वर येतो.

यंदा तिथे एका मुलीने विचारलं, "बाई, हे कोणी काढलं?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. दीड हजार वर्षांपूर्वीचं काम आहे, वाकाटक राजांच्या काळातलं, चित्रकारांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

ती म्हणाली, "ते नाही बाई. इथून बाहेर कोणी काढलं? पुस्तकात यायच्या आधी कोणीतरी इथे बसून काढलं असेल ना?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, आणि बावीस वर्षांत मी ते एकाही मुलाला सांगितलं नव्हतं. म्हणून ही पोस्ट, या भिंतींच्या नकला करणाऱ्या मुंबईच्या चित्रकला-विद्यार्थ्यांवर. लांब आहे, सवडीने वाचा.

अजिंठ्याच्या आधुनिक काळातल्या दोन गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. पहिली जॉन स्मिथची. हा मद्रास घोडदळातला अधिकारी एप्रिल १८१९ मध्ये वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली. त्याने दहाव्या लेण्यात खांबावरच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती अक्षरं आज डोक्याच्या बऱ्याच वर आहेत, कारण तेव्हा लेण्यात काही फूट माती आणि दगडगोटे साचले होते आणि तो त्यांच्यावर उभा होता. दहावं लेणं इथल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी, इसवी सनाच्या आधीचं. दोन हजार वर्षांच्या वास्तूत चित्रावर नाव कोरणारा माणूस आपण "शोधक" म्हणून मुलांना शिकवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट रॉबर्ट गिल हा इंग्रज चित्रकार आणि त्याची इथली प्रेयसी पारो यांची. तिच्यावर कविता झाल्या, सिनेमा झाला. पारोची कबर अजिंठा गावात आहे, १८५६ साल कोरलेली. मी तिथे दोनदा जाऊन आले आहे आणि दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी आलं. पण या प्रेमकथेत गिलचं काम झाकून जातं. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये त्याला चित्रांच्या नकला करायला नेमलं. १८६३ पर्यंत, म्हणजे जवळपास वीस वर्षं, तो हे काम करत राहिला. वटवाघळं, मधमाश्या, ताप, सगळं सोसून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात त्याने भिंती उतरवल्या आणि चित्रं लंडनला धाडली. तिथे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती लावलेली असताना डिसेंबर १८६६ मध्ये आग लागली. सत्तावीसपैकी चार-पाच वाचली असतील. ही बातमी कळल्यावर गिलने पुन्हा काम सुरू करण्यासाठी सामान मागवलं. मुलांना गिल सांगायचा असेल तर हा सांगावा असं मला वाटतं. तो १८७९ मध्ये गेला. त्याची कबर भुसावळला आहे.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर.

गिलची चित्रं जळाल्यावर सरकारने ते काम पुन्हा करून घ्यायचं ठरवलं आणि १८७२ मध्ये ते मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टकडे आलं. आपलं जे. जे. म्हणजे तेच, १८५७ मध्ये सुरू झालेलं. तिथे जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक होते. थंडीचे महिने आले की ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत. हे काम मध्ये खंड पडत १८८५ पर्यंत चाललं आणि त्यातून सुमारे तीनशे कॅनव्हास तयार झाले. काही तर सहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच. माझ्या वर्गाच्या फळ्यापेक्षा कितीतरी मोठे.

हे कॅनव्हास रंगवणारी मुलं कोण होती? पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत, नारायण एकोबा, जयराव राघोबा. आणखीही होते. नावं नुसती मोठ्याने म्हणून बघा. जयराव राघोबा, नारायण एकोबा. ही माणसं आपल्या आळीतली वाटतात. पेस्तनजी पुढे नामांकित झाले. पारशी घरांतली माणसं, तो प्रकाश, ती शांतता त्यांनी जशी रंगवली तशी फार थोड्यांना जमली, आणि पोपटाला खाऊ घालणाऱ्या बाईचं त्यांचं चित्र आजही कलेच्या इतिहासात दाखवलं जातं. बाकीच्यांचं पुढे काय झालं हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेही येत नाही.

या मुलांची तयारी कशी झाली होती याचा विचार केला की मला अंगावर काटा येतो. मुंबईत त्यांनी वर्षानुवर्षं ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतींवरून अभ्यास केलेला. उजेड एका बाजूने, सावली दुसऱ्या बाजूला, नाक सरळ, स्नायू ठसठशीत. आणि मग एके सकाळी ती सतराव्या लेण्यात येऊन उभी राहतात. इथे उजेड कुठून येतोय याला काही अर्थच नाही. गोलाई आणायची ती रंग गडद-फिका करत, बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी. चित्रसूत्र या आपल्या चित्रकलेवरच्या जुन्या ग्रंथात या तीन पद्धतींना पत्रवर्तना, ऐरिकवर्तना आणि बिंदुवर्तना अशी नावं आहेत. खांद्यावरून कोपरापर्यंत एकच रेघ, कुठेही न उचललेली. भुवई म्हणजे कुंचल्याचा एक फटकारा. नाकाच्या शेंड्यावर पांढऱ्याचा एक ठिपका, आणि चेहरा भिंतीतून पुढे येतो.

हे सगळं नुसतं बघून कळत नाही. नक्कल करायला बसलं की कळतं. माझ्या मुलांना मी हेच सांगत असते आणि पालक माझ्याशी वाद घालतात, "बाई, कॉपी कशाला, स्वतःचं काढू द्या की." मी म्हणते, आधी एक हात तरी त्या माणसाच्या हाताने काढून बघू दे. अजिंठ्याची बोटं काढताना मनगट कसं सैल सोडावं लागतं हे सांगून शिकवता येत नाही. जयराव आणि नारायण यांनी हेच केलं. वाकाटकांच्या काळातल्या त्या अनामिक चित्रकारांपाशी शिकायला बसलेली अलीकडच्या काळातली पहिली आपली माणसं हीच, असं मी मानते. बंगालचे चित्रकार नंदलाल बोस इथे आले ते हे काम संपल्यावर जवळपास पंचवीस वर्षांनी, १९०९ मध्ये, नकला करायला आलेल्या इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर. नंदलालबाबूंबद्दल मला अपार आदर आहे. पण भारतीय कलेच्या पुनरुज्जीवनाची कहाणी थेट तिथूनच सुरू होते आणि मुंबईची ही पोरं गाळली जातात, हे मला पटत नाही.

खुद्द ग्रिफिथ्सना हे कळलं होतं. भारतीय विद्यार्थ्यापुढे ठेवायला अजिंठ्याहून चांगले नमुने नाहीत, असं त्यांनी लिहून ठेवलं. सोळाव्या लेण्यात एक चित्र आहे. मान कललेली, डोळे मिटत आलेले, आजूबाजूच्या दासी घाबरलेल्या. नवरा नंद भिक्षू झाल्याचं कळून कोसळलेली ती सुंदरी. ग्रिफिथ्स म्हणतात, फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने रेखाटन अधिक चांगलं केलं असतं, व्हेनिसच्या चित्रकाराने रंग अधिक चांगला दिला असता, पण याहून जास्त भाव दोघांनाही आणता आला नसता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कला-शिक्षकाने हे लिहावं ही लहान गोष्ट नाही.

पण एक गोष्ट झाकून ठेवून मला हे कौतुक करायचं नाही. चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून या मंडळींनी भिंतीवर व्हार्निश लावलं. गिलने लावलं होतं, यांनीही लावलं. अजिंठ्याचा गिलावा म्हणजे माती, बारीक खडी, भाताचं तूस आणि गवताचे तंतू, त्यावर चुन्याचा पातळ हात. गेरू, पिवडी, काजळी, हिरवी माती, आणि दूरवरून आणलेला निळा लाजवर्द, हे रंग कोरड्या भिंतीवर खळीने बसवलेले. असल्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो. वर व्हार्निशचा थर बसला की तो पिवळा-काळा पडतो आणि मग सुटताना रंगाचे पोपडे सोबत घेऊन येतो. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे पोपडे जागच्या जागी बसवले, पण त्यांनीही लाखेचा थर दिलाच. भारतीय पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ आजपर्यंत हे थर काढत आहेत. तेव्हा ज्या हातांनी अजिंठा वाचवला त्याच हातांनी थोडा दुखावलाही. त्या वेळी याहून चांगलं त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. निदान त्यांनी तुकडे तरी कापले नाहीत. त्यांच्या आधी आलेल्या काही साहेबांनी तेही केलं. सोळाव्या लेण्यातला असाच एक तुकडा विकत-विकला जात अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात पोहोचला.

आणि त्या तीनशे कॅनव्हासचं काय झालं? तेही लंडनला गेले. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला कोठारात आग लागली आणि शंभरच्या आसपास चित्रं गेली. पुन्हा आग. वीस वर्षं गिलची, तेरा वर्षं आमच्या मुलांची. एवढ्यावर संपत नाही. पुढे जपानहून आलेल्या अभ्यासकांनी जपानी कागदावर छाप घेतले, ते १९२३ च्या भूकंपात तोक्योत नष्ट झाले. भिंत मात्र जागेवर आहे, पोपडे सोडत का होईना.

गिल आणि ग्रिफिथ्स, दोघांच्या मिळून १६६ नकला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १९५५ नंतर त्या कायमच्या प्रदर्शनात लावलेल्या नाहीत. २००६ च्या सुमारास निम्म्या चित्रांची दुरुस्ती झाली, हे त्या संग्रहालयाचं चांगलं काम. यातली काही चित्रं आता केवळ नकला राहिलेल्या नाहीत. भिंतीवर जिथे आज नुसती माती दिसते, तिथे त्या वेळी चेहरा होता, हात होता, झाडाची फांदी होती, आणि ती आता फक्त कॅनव्हासवर उरली आहे. तेवढ्या जागेपुरता जयराव राघोबांचा कॅनव्हास हाच अजिंठा.

म्हणून मला मनापासून वाटतं की या नकला एकदा तरी इकडे याव्यात. मुंबईत जे. जे.च्या आवारात, नाहीतर छत्रपती संभाजीनगरला. मूळ कॅनव्हास प्रवासाला नाजूक असतील तर त्यांच्या खऱ्या आकाराच्या छापील प्रती तरी लावता येतील. सहा मीटरचं चित्र मोबाइलवर बोटाने मोठं करून बघणं आणि त्याच्यासमोर मान वर करून उभं राहणं यात फार अंतर आहे. आणि लेण्यांच्या दारातल्या पाटीवर शिकारी साहेबाशेजारी या मुंबईच्या मुलांचीही नावं असावीत. लंडनमधल्या मराठी मंडळींना एक विनंती. त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर या नकलांची छायाचित्रं आहेत, काहींखाली आपल्या मुलांची नावं आहेत. ती शोधा, आणि मूळ चित्रं पाहायची परवानगी कशी मिळते याची चौकशी करा. कोणी जाऊन पाहिलीत तर मला जरूर कळवा.

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. या नकलांच्या प्रती छापून आणल्या आणि वर्गाच्या भिंतीवर लावल्या. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने गेल्या आठवड्यात पद्मपाणीचा कमळ धरलेला हात काढला. सहा वेळा खोडला, सातव्यांदा मनगट सैल सुटलं. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तिने मी न सांगता लिहिलं होतं: मूळ चित्रकार, नाव माहीत नाही, लेणे क्रमांक १. त्याखाली मुंबईच्या चौघांची नावं. आणि त्याखाली तिचं स्वतःचं, इयत्ता नववी ब.