क्लस्टरची सायकल चालू असताना वास का चालत नाही

ज्यांना क्लस्टर हेडेक हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते, नाहीतर पुढचं सगळं नखरे वाटतील. हे नेहमीचं डोकं दुखणं नाही आणि अर्धशिशीही नाही. डोक्याच्या एकाच बाजूला, डोळ्याच्या मागे आणि कानशिलात कळ उठते आणि काही मिनिटांत असह्य होते. औषध मिळालं नाही तर एक अटॅक १५ मिनिटांपासून १८० मिनिटांपर्यंत चालतो. त्याच बाजूचा डोळा लाल होऊन वाहायला लागतो, पापणी खाली येते, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते नाहीतर गळते. दिवसाआड एक ते दिवसाला आठ, इतक्या वेळा हे होऊ शकतं. अर्धशिशीचं माणूस अंधार करून निपचित पडून राहतं. आम्हाला पडवतच नाही. आम्ही येरझाऱ्या घालतो, भिंतीवर डोकं दाबतो, बसल्या जागी पुढेमागे झुलतो. साधारण हजारात एकाला हा आजार असतो, म्हणजे मोठ्या कचेरीत किंवा कॉलेजात असं कुणीतरी असणारच.

हे अटॅक एकेकटे येत नाहीत. काही आठवडे किंवा काही महिने रोजच्या रोज येतात, बऱ्याचदा ठरलेल्या वेळी, मध्यरात्रीनंतर झोपेतून उठवून. मग एके दिवशी थांबतात आणि पुढे कित्येक महिने, कुणाकुणाला काही वर्षं, त्यांचं नावही नसतं. या चालू काळाला आम्ही सायकल म्हणतो. थोड्या लोकांना अशी सुट्टी मिळतच नाही, त्यांचा आजार क्रॉनिक. मी सुट्टी मिळणाऱ्यांपैकी आहे.

आता वासाबद्दल. सायकल चालू असते तेव्हा मला थिनर, ऑइल पेंट, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर, सिगरेटचा धूर आणि बंद जागेतला कडक परफ्यूम किंवा डिओ चालत नाही. वास नाकात गेला की कधी लगेच, तर कधी अर्ध्या तासाने, डोळ्याच्या कोपऱ्यात ती ओळखीची हालचाल सुरू होते. क्लस्टरच्या प्रत्येक माणसाला वास बाधतोच असं नाही. पण ज्यांना बाधतो त्यांच्याशी बोलले तेव्हा यादी थोड्याफार फरकाने हीच निघाली. हवेत पटकन उडणारे, नाकाला झोंबणारे पदार्थ.

आणि सायकल संपली की यातलं काहीही बाधत नाही. ताज्या रंगाच्या खोलीत बसा, पेट्रोल पंपावर उभं राहा, काही होत नाही. मी स्वतः आवडीने परफ्यूम लावते.

लोकांचा विश्वास नेमका इथेच उडतो. "अगं, मागच्या महिन्यात तूच लावून आली होतीस की!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, त्याला खरंच कोडं पडलेलं असतं. दम्याच्या माणसाला धूर चालत नाही हे सगळ्यांना कळतं, कारण त्याला तो बाराही महिने चालत नाही. माझं दुखणं चालू-बंद होतं आणि जे चालू-बंद होतं ते लोकांना मनाचे खेळ वाटतात. शिवाय मी बाई. पूर्वी पाच-सहा पुरुषांमागे एक बाई असं या आजाराचं प्रमाण सांगायचे. अलीकडे ते अंतर बरंच कमी झालेलं दिसतं, पण तो जुना समज अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. त्यामुळे बाईने "वासाने डोकं उठतं" म्हटलं की आधी अर्धशिशी म्हणतात, मग टेन्शन म्हणतात, मग "फार नाजूक आहेस बाई तू" म्हणतात.

हे मनाचे खेळ नाहीत हे दाखवणारी एक जुनी गोष्ट मला नेहमी धीर देते. नायट्रोग्लिसरीन हे हृदयविकारात जिभेखाली देतात ते औषध. क्लस्टरच्या रुग्णाला सायकल चालू असताना ते दिलं तर थोड्या वेळाने अटॅक येतो. त्याच रुग्णाला सायकल बंद असताना दिलं तर येत नाही. १९९८ साली लंडनमध्ये आर्ने मे, पीटर गोड्सबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे अटॅक चालू असताना मेंदूचे पेट स्कॅन काढले, तेव्हा हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे झोप-जागेचं घड्याळ सांभाळणाऱ्या भागात, हालचाल वाढलेली दिसली. सायकल बंद असलेल्या रुग्णांना तेच औषध दिलं, तर त्यांना अटॅक आला नाही आणि तो भागही तसा जागा झाला नाही. दारूचंही तेच. सायकलमध्ये एक घोट पुरतो, एरवी काही नाही. मग परफ्यूमच्या बाबतीत "तेव्हा चाललं, आता का नाही" याचं आश्चर्य कशाला? पदार्थ तोच असतो, मेंदू त्या काळात वेगळा असतो.

दुसरा एक गैरसमज मला जास्त छळतो. "पण हा किती छान वास आहे!", "हा महागातला आहे, स्वस्तातला भडक नाही", "हे तर नैसर्गिक तेल आहे". वास छान आहे की घाण, याचा माझ्या दुखण्याशी काही संबंध नाही. नाकात दोन वेगळ्या नसांचं काम चालतं. एक वास ओळखणारी. दुसरी ट्रायजेमिनल, चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी, जी झोंबणं, चुरचुरणं, गारवा कळवते. ज्यांची वासाची जाणीव पूर्ण गेलेली असते त्यांनाही अमोनिया झोंबतो, तो या दुसऱ्या नसेमुळे. क्लस्टरची कळही याच ट्रायजेमिनलच्या वाटेने येते आणि तिच्याशी जोडलेल्या प्रतिक्षिप्त क्रियेमुळे डोळा आणि नाक वाहतात. म्हणून मला कुजक्या कचऱ्याच्या वासाने काही होत नाही, मी फक्त नाक दाबते. आणि सुरेख, मंद म्हणवल्या जाणाऱ्या स्प्रेने रात्र जाते.

नैसर्गिक म्हणणाऱ्यांना मी कॅलिफोर्नियातल्या एका झाडाबद्दल सांगते. त्याचं शास्त्रीय नाव अंबेलुलारिया कॅलिफोर्निका आणि तिकडच्या लोकांनी त्याला फार पूर्वीपासून डोकेदुखीचं झाड म्हटलंय, कारण त्याच्या पानांचा वास घेतला की डोकं उठतं. पूर्वी क्लस्टर होऊन गेलेल्या एका माळ्याला या झाडाच्या वासाने पुन्हा तसेच अटॅक आल्याची नोंद २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी इटलीतल्या संशोधकांनी त्यातला पदार्थ, अंबेलुलोन, ट्रायजेमिनल नसेवरच्या टीआरपीए१ नावाच्या ग्राहीला, म्हणजे झोंबणारे पदार्थ टिपणाऱ्या जागेला, कसा चेतवतो हे दाखवलं. सिगरेटच्या धुरातला अ‍ॅक्रोलिन आणि कित्येक झोंबणारी रसायनंही याच ग्राहीवर काम करतात. झाडाचं पान आणि कारखान्यातलं रसायन, नसेला दोन्ही सारखीच.

याच कारणासाठी एक कळकळीची विनंती. अटॅक आलेल्या माणसाच्या कपाळाला विचारल्याशिवाय बाम चोळू नका, नाकाखाली तर अजिबात नको. मेंथॉल, कापूर, निलगिरी यांचा उग्र दर्प त्याच नसेला जाऊन भिडतो. कुणाला त्याने बरं वाटतही असेल, म्हणूनच आधी विचारा. माझ्यावर प्रेम करणाऱ्या माणसांनी अटॅकच्या ऐन भरात माझ्या तोंडाशी बाम आणलाय आणि मला त्यांचा हात ढकलावा लागलाय. त्यांचा पडलेला चेहरा मला दुखण्याइतकाच लागतो.

आता याची दुसरी बाजू, आणि ही मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. वासाने अटॅक येतो हे एकदा लोकांना पटलं की ते उलट्या टोकाला जातात. प्रत्येक अटॅकनंतर चौकशी सुरू. "आज काय हुंगलंस? कुठे गेली होतीस? जपायला नको का?" वास हे निमित्त आहे, आजाराचं मूळ नव्हे. माझे बहुतेक अटॅक स्वच्छ हवेच्या खोलीत, गाढ झोपेतून उठवून आलेत. जगातले सगळे परफ्यूम उद्या नाहीसे झाले तरी माझी सायकल तिच्या वेळेला येईल. म्हणून वास टाळणं हा उपचार आहे असं कुणी सांगत असेल तर त्याला ठामपणे नाही म्हणा. वास टाळून मी दिवसाचे काही अटॅक चुकवते, एवढंच. ते एवढंही माझ्यासाठी खूप आहे, पण उपचाराची जागा ते घेऊ शकत नाही.

उपचार आहेत, आणि हे वाचणाऱ्या कुणा क्लस्टरच्या माणसाला माहीत नसतील म्हणून लिहिते. अटॅक चालू असताना घट्ट बसणाऱ्या नॉन-रीब्रीदर (सोडलेला श्वास परत आत येऊ न देणाऱ्या) मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन, मिनिटाला १२ ते १५ लिटर. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १५ मिनिटांत वेदना थांबलेल्या किंवा पुरेशा उतरलेल्या अटॅकचं प्रमाण ऑक्सिजनला ७८ टक्के आणि साध्या हवेला २० टक्के होतं. दुसरा मार्ग सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन. गोळ्या इथे फारशा कामाच्या नाहीत, त्या पोटात विरघळेपर्यंत अटॅक आपलं काम करून गेलेला असतो. अटॅक येऊच नयेत म्हणून व्हेरापामिल देतात, त्यासाठी अधूनमधून ईसीजी काढावा लागतो. डोक्याच्या मागच्या नसेपाशी इंजेक्शनही देतात. यातलं कुणाला काय चालेल ते मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतील. हृदयाचा त्रास असणाऱ्यांना सुमाट्रिप्टान चालत नाही, म्हणून दुसऱ्याचं औषध उसनं घेऊ नका. आणि ऑक्सिजनच्या आसपास सिगरेट, काडी, मेणबत्ती काहीही नको, चेहऱ्याला तेलकट मलमही नको. माझा स्वतःचा अनुभव सांगायचा तर नव्या मास्कच्या प्लास्टिकचा वासही मला नको होतो. तो आधीच धुऊन, चांगला वाळवून, उघड्यावर ठेवून मग वापरायला काढते.

वासाने माणसं तुटतात, याबद्दल कुणी बोलत नाही. सायकल चालू असली की मी समारंभ टाळते, नाटक-सिनेमा टाळते. जुनी मैत्रीण समोरून हात पसरून येते आणि मी एक पाऊल मागे सरकते. समजावून सांगायला वेळ लागतो आणि तेवढ्यात समोरच्याच्या मनात अढी बसलेली असते. माझी लेक बाहेर जाताना डिओ गॅलरीत जाऊन मारते आणि माझ्याकडे लांबूनच हात हलवते. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका रात्री तिने मला भिंतीला डोकं लावून उभी असलेली पाहिलं, तेव्हापासून तिने आपणहून सुरू केलं. त्या लांबून हलणाऱ्या हाताचा मला आधार वाटतो आणि त्याच वेळी पोटात तुटतं.

कामाच्या ठिकाणी काय करता येईल? पुष्कळ काही. कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात इस्पितळं, शाळा आणि कचेऱ्यांनी १९९० च्या दशकातच आपल्याकडे सुगंध लावून येऊ नका असं धोरण घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने २००९ मध्ये आपल्या इमारतींत सुगंधी वस्तूंना मनाई केली. तिथली कामं थांबली नाहीत. मी इतकं मोठं मागत नाही. मीटिंगच्या खोलीतला आपोआप फुसफुसणारा रूम फ्रेशनर काढा. रंगकाम किंवा वॉर्निश करायचं असेल तर दोन दिवस आधी सांगा, म्हणजे मी घरून काम करेन. माझी जागा खिडकीपाशी द्या. लिफ्टमध्ये आणि बंद गाडीत स्प्रे मारू नका, अंगावर मारायचा तो मोकळ्या हवेत मारा. यात कुणाची आवड हिरावली जात नाही. तुमच्या अंगाचा सुगंध तुमचा आहे, पण दार बंद झालं की आतली हवा सगळ्यांची असते आणि ती हवा घेणं मला थांबवता येत नाही. नाक बंद ठेवून कुणी दिवसभर नोकरी करू शकत नाही.

माझ्या आधीच्या एका वरिष्ठांनी "एका माणसासाठी सगळ्यांनी का बदलायचं?" असं सरळ विचारलं होतं. मी तेव्हा जे सांगितलं तेच आजही सांगते. मी सगळ्यांना बदलायला सांगत नाही, खोलीतला एक डबा बंद करायला सांगते आहे. आणि मी एकटी नाही. अर्धशिशीच्या, दम्याच्या, गरोदरपणात वास सहन न होणाऱ्या किती जणी त्याच खोलीत गप्प बसून असतात. मी तक्रार केल्यावर त्यातल्या दोघी मला येऊन भेटल्या. आधी बोलल्या असत्या तर त्यांनाही नाजूक म्हटलं गेलं असतं, या भीतीने गप्प होत्या.

शेवटी, एकाच बाजूला डोळ्याभोवती असं दुखणं, वाहणारा डोळा, ठरावीक वेळ, जागेवर बसू न देणारी तगमग, हे तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या बाबतीत जुळत असेल तर सायनस समजून नुसती वाफ घेत बसू नका आणि कुणी सांगितलं म्हणून चांगला दात काढून टाकू नका. दोन्ही गोष्टी या आजारात फार होतात आणि खरं नाव कळेपर्यंत वर्षं जातात. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. पहिल्यांदाच असं होत असेल तर ते एमआरआय करायला सांगतील, तो करून घ्या. अटॅकची वेळ, किती मिनिटं टिकला, कोणती बाजू, त्याआधी कोणता वास आला होता का, हे वहीत लिहून ती वही सोबत न्या. जमलं तर घरच्या कुणाला अटॅकचा छोटा व्हिडिओ काढायला सांगा. डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा आपण बहुतेकदा ठणठणीत असतो.