‘मनाला पटेल ते करा’ असं कॅथलिक चर्च सांगत नाही

‘दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर) कॅथलिकांना मोकळीक मिळाली, मनाला पटेल ते करा, पाप लागत नाही,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि थोडा खरा असल्यामुळे जास्त घातक आहे.

सदसद्विवेकबुद्धीने दिलेल्या निश्चित निर्णयाविरुद्ध वागू नये, ही ख्रिस्तसभेची, म्हणजे कॅथलिक चर्चची, शिकवण आहेच. तीही परिषदेच्या कितीतरी आधीची. चुकलेला विवेकसुद्धा माणसाला बांधतो, असं कॅथलिक धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडलं होतं.

पण १९६५ मध्ये परिषदेने काय म्हटलं ते पाहा. अंतःकरणात माणसाला जो नियम सापडतो, तो त्याने स्वतः केलेला नसतो. त्याला तो पाळावा लागतो. नकळत चूक झाली तर विवेकाची प्रतिष्ठा जात नाही. मात्र सत्य शोधायची ज्याने फिकीरच केली नाही, त्याला ही सवलत नाही. म्हणजे विवेक घडवणं हीसुद्धा जबाबदारीच: शास्त्रवचन, प्रार्थना, ख्रिस्तसभेची शिकवण, जाणत्यांचा सल्ला.

फ्रान्झ येगरस्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याने हिटलरच्या सैन्यात लढायला नकार दिला. बायकोमुलांचा विचार कर, असं खुद्द बिशपांनी समजावलं, तरी तो बधला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २००७ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. ‘मनाला पटेल ते’ करायचं असतं, तर तो घरी परतला असता.